वेगळी ठेवलेली पोती

पनामा देशाच्या पश्चिम भागात बारू नावाचा ज्वालामुखी पर्वत आहे. त्याच्या उतारावरील बोकेते परिसरात पीटरसन कुटुंबाचा 'हासिएन्दा ला एस्मेराल्दा' हा कॉफीचा मळा आहे. रुडॉल्फ पीटरसन यांनी तो १९६७ साली घेतला. हे गृहस्थ अमेरिकेतील एका बलाढ्य बँकेचे अध्यक्ष. निवृत्तीनंतर निवांत राहावे, एवढाच त्यांचा हेतू. पुढे त्यांचे पुत्र प्राइस हे मेंदूच्या रसायनशास्त्राचे संशोधन सोडून सहकुटुंब तेथे आले. दूधधंदा आणि कॉफी या दोहोंवर घर चालू लागले.

नव्या शतकाच्या आरंभी जगभर कॉफीचे अमाप पीक आले आणि भाव कोसळले. न्यूयॉर्कच्या बाजारात पौंडाला, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅमला, अर्धा डॉलरही मिळेना. मजुरीही सुटेना, तेव्हा लहान मळेवाल्यांनी काय करावे? माल तर वखारीत इतरांच्या मालात मिसळून जाई. एकाच ढिगात पडलेल्या उत्तम आणि सुमार दाण्यांना भावही एकच.

भारतीय वाचकाला ही अवस्था अपरिचित नाही. येथेही कायद्याने मळेवाल्यांची कॉफी अनेक दशके कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात जमा करावी लागे. ती सक्ती नव्वदच्या दशकात संपली, तेव्हाच मळ्याच्या नावाने माल विकणे खऱ्या अर्थाने शक्य झाले.

पीटरसन कुटुंबाने नव्वदच्या दशकात हारामिल्यो भागातील आणखी एक मळा घेतला होता. तेथील कॉफीत लिंबाची पुसट छटा जाणवे. पण ती नेमकी कोठून येते, हे कळत नव्हते. प्राइस यांचे पुत्र डॅनियल यांनी मळ्याच्या निरनिराळ्या भागांतील फळे वेगवेगळी ठेवून चव घेण्याचे ठरविले. ही परीक्षा दिसते साधी. भरड दळलेल्या कॉफीवर गरम पाणी ओतायचे, सुमारे चार मिनिटे थांबायचे, वर आलेला थर चमच्याने मोडून वास घ्यायचा आणि मग आवाज करीत एकेक घोट ओढायचा. मात्र प्रत्येक भागाची तोडणी, धुणे, वाळवणे आणि पोती स्वतंत्र राखायची म्हणजे खर्च व मेहनत अनेक पटींनी वाढते. मंदीच्या दिवसांत असा खर्च अंगावर घेणे हे धाडसच होते.

उंचावरील झाडांच्या पेल्यात जाईच्या फुलांचा सुगंध उतरला. ती झाडे 'गेशा' वाणाची होती. इथिओपियातील रानातून १९३० च्या दशकात गोळा केलेले हे बियाणे टांझानिया व कोस्टा रिकामार्गे पनामात आले होते ते रोगप्रतिकारासाठी. चवीची अपेक्षा कोणी केलीच नव्हती. उत्पन्न कमी आणि फांद्या नाजूक, त्यामुळे शेतकरी त्याला फारसे विचारीत नसत.

२००४ साली पनामातील स्पर्धेत हा माल पहिला आला आणि लिलावात पौंडाला २१ डॉलर भाव मिळाला. तो त्या काळचा विक्रम होता. २०१३ साली भाव ३५० डॉलरांवर गेला. अशा आकड्यांत नावलौकिकाची हौस पुष्कळ असते, आणि रोजचा धंदा त्यांवर चालत नाही, हे कोणताही व्यापारी ओळखील. परंतु पनामातील इतर मळेवाल्यांनीही गेशाची लागवड केली आणि आपापल्या मळ्याच्या नावाने माल विकण्यास आरंभ केला.

२०२५ च्या लिलावात ला एस्मेराल्दाच्या कॉफीला किलोमागे ३० हजार डॉलरांहून अधिक बोली लागली. तो सारा माल अवघा २० किलो होता.