सप्ताश्वांचा रथ आणि पठारावरील चक्रे

आज माघ शुद्ध सप्तमी. भाविकांच्या अंगणात पहाटेच तुळशीवृंदावनापुढे सात घोड्यांचा रथ रेखिला गेला असेल आणि गोवऱ्यांच्या विस्तवावर बोळक्यातील दूध उतू गेले असेल. वडीलधाऱ्यांनी रुईची पाने मस्तकी धरून स्नान केले असेल. संस्कृतात रुईस ‘अर्क’ म्हणतात आणि सूर्यासही ‘अर्क’च. नामसाम्यामुळे अंगणाच्या कडेचे हे उपेक्षित झुडूप आजच्या दिवसापुरते देवाच्या पंक्तीस बसते.

आम्ही वाईचे. माघात आमच्या घाटांवर कृष्णाबाईचा उत्सव असतो आणि वद्य नवमीस, दासनवमीस, सज्जनगडी जाण्याचा आमचा नेम आहे. गडाखालची वाट पुढे ठोसेघरावरून चाळकेवाडीच्या पठारावर जाते. तेथील पवनचक्क्या दिसल्या की आमच्या हातून घडलेला एक प्रमाद आम्हांस आठवतो. तो आज वाचकांस सांगावयाचा आहे.

इसवी सन २००३ चा दुष्काळ. माण, खटाव, आटपाडी, जत होरपळून निघाले होते. त्याआधीच्या काही वर्षांत शासनाच्या सवलतींमुळे पाटण तालुक्यातील वनकुसवडे, चाळकेवाडी आणि सांगलीकडील ढालगाव येथे पवनचक्क्यांची रांगच उभी राहिली होती. ‘ही पाती ढग पळवितात’ हा समज तेव्हा गावोगाव पसरला. खटाव तालुक्यातील एका सप्ताहात आमचे कीर्तन होते. उत्तररंगात आवेशाच्या भरात आम्ही बोलून गेलो, की वायुदेवास माणसाने चाकाला जुंपले म्हणून पर्जन्य रुसला! टाळ्या पडल्या. रात्री मात्र काही तरुण पठारावर जाऊन यंत्रे मोडण्याची भाषा बोलू लागल्याचे कानी आले.

आमचा उतारा एका निवृत्त मास्तरांकडे होता. जेवणे झाल्यावर ते हलकेच म्हणाले, “बुवा, रागावणार नसाल तर विचारतो. बहात्तर साली पवनचक्क्या होत्या का हो?”

आम्ही निरुत्तर झालो. १९७२ साली आम्ही अकरा-बारा वर्षांचे होतो. शाळेतली सुकडी, मिलोच्या लाल भाकरी आणि खडी फोडून फोड आलेले वडिलांचे हात आम्ही कसे विसरणार? मास्तरांनी मग उलगडून सांगितले. घरचा पंखा विजेने फिरतो आणि वारा ढकलतो; येथे वारा पाती फिरवितो. पात्यांनी वाऱ्याचा थोडा जोर घ्यावा इतकेच. पावसाचा ढग कित्येक हजार फूट उंचीचा, त्यास शे-दोनशे फुटांचे चक्र काय हाकलणार? आणि महाबळेश्वरी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पाडून ढग सह्याद्रीच्या पश्चिम अंगासच रिते होतात. माणदेशाच्या वाट्यास पाचशेच्या आसपास, तोही नशिबाने. हे पर्जन्यछायेचे दुःख शतकांचे आहे. हवामानतज्ज्ञांनीही पुढे तो समज निराधारच ठरविला.

नारदाच्या गादीवरून उच्चारलेला शब्द मागे घेणे सोपे नसते. दुसऱ्या दिवशी काल्याच्या कीर्तनात आम्ही तो मागे घेतला. समर्थांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी बहुतेक याच सातारा-सांगली भागात आहेत. वायुपुत्राच्या या भूमीत वाऱ्याशी वैर कशास, असे विचारले. टाळ्या पडल्या नाहीत. पण पठारावर कोणी गेले नाही.

याचा अर्थ गावकऱ्यांची तक्रार सारी खोटी, असा नव्हे. पडीक म्हणून जमिनी अल्प मोलाने गेल्या, हे शल्य पठारावर आजही ऐकू येते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेशी संबंधित संशोधकांचा चाळकेवाडी परिसराचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्षी घटले आणि त्यामुळे सरडे वाढले, असे त्यांस आढळले. देवाचे दान घेतानाही हिशेब चुकत नाही.

पण कोळशाचा हिशेब याहून जड. त्याच्या धुराने हवा तापते, तापलेली हवा अधिक बाष्प धरते आणि ते चार दिवसांत ओतते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णामाईने ५७ फुटांची पातळी गाठली. सारा दोष धुराचा असे आम्ही म्हणत नाही. नदीपात्रात घरे कोणी बांधली, हेही विचारले पाहिजे.

राज्य शासनाने २ ऑक्टोबर २०२० रोजी ‘माझी वसुंधरा’ अभियान आरंभिले, त्याची मांडणी भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पंचमहाभूतांवर आहे. सरकारी कागदावर ही नावे पाहून आम्हांस गंमत वाटली! पाटण तालुक्यातीलच मान्याचीवाडी २०२४ च्या श्रावणात राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून घोषित झाली. शंभराच्या आसपास घरांची ही वाडी. घरांचे दिवे, रस्त्यावरचे दिवे, शाळा आणि नळपाणी सारे सूर्यनारायणाच्या कृपेवर.

आम्हीही केंद्राच्या ‘सूर्यघर’ योजनेतून गच्चीवर सौरपट्ट्या बसविल्या. तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. घरात हरकत एकच निघाली: सांडगे-पापड कोठे वाळवायचे? अखेर गच्चीचा पूर्वेकडील कोपरा मोकळा सोडण्याचे ठरले. आजचे दूध तेथेच उतू गेले.