उत्तर आले नाही, म्हणजे काय?

अकोल्याच्या जठारपेठेत आपण किराणा घेतो, फोनवरून पैसे देतो आणि पडद्यावर चक्र फिरतच राहते. पैसे गेले की नाही? २०१६ साली यूपीआय आल्यापासून हा प्रश्न घरोघरी पोचला आहे.

फोनमधले अ‍ॅप सर्व्हरला, म्हणजे दूरच्या संगणकाला, विनंती पाठवते. उत्तराच्या माथ्यावर बहुधा तीन अंकी संकेतांक असतो. ४ ने सुरू झाला तर विनंतीतच खोट, ५ ने सुरू झाला तर बिघाड सर्व्हरकडे. २०० म्हणजे ठीक. तरी आतला मजकूर वाचावाच लागतो. तिथे ‘शिल्लक अपुरी’ असे असू शकते!

खरी पंचाईत उत्तरच न आल्यास. विनंती वाटेत हरवली, की काम होऊन उत्तर हरवले? फोनला दोन्ही सारखेच दिसते. अशा वेळी ‘व्यवहार फसला’ असे ठोकून देणारे अ‍ॅप आम्ही वाईटच म्हणू, कारण ग्राहक पुन्हा पैसे पाठवतो. चांगले अ‍ॅप ‘प्रलंबित’ असे दाखवते आणि त्याच व्यवहार क्रमांकाने चौकशी करते. क्रमांक तोच असला, की सर्व्हरला दुसरी विनंती ओळखता येते. पैसे दोनदा कापले जात नाहीत.

वर्गात हे चिठ्ठ्यांनी करून पाहावे. पोस्टमन झालेल्या विद्यार्थ्याने एखादी चिठ्ठी गुपचूप खिशात टाकावी. जाणारी की येणारी, हे पाठवणाऱ्याने ओळखून दाखवावे.