नवा संगणक, जुनी विंडोज : बदलण्यापूर्वी काय तपासावे?

दुकानात किंवा कारखान्यात नवा संगणक आला की पहिला अडथळा हल्ली त्याच्या किमतीचा नसतो. संगणक येतो तो विंडोज ११ घेऊन, आणि रेडियम कटिंगचा प्लॉटर, एम्ब्रॉयडरीचे डिझाइन करणारा प्रोग्राम, लग्नपत्रिकांसाठी वर्षानुवर्षे वापरलेले पेजमेकर, उर्दू मजकुरासाठीचे जुने इनपेज किंवा बिलांचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर यांपैकी काही ना काही चालायचे नाकारते. मग दुरुस्तीवाला सांगतो, "शेठ, जुनी विंडोज टाकून देतो, सगळे सुरू होईल." मालक हो म्हणतो. कधी काम होते, कधी दोन दिवस धंदा बंद ठेवूनही होत नाही, आणि संगणकाबरोबर पैसे देऊन घेतलेली विंडोजही हातची जाते. हो म्हणण्याआधी हा व्यवहार नेमका काय आहे ते समजून घेणे बरे.

नव्या यंत्रावर जुनी प्रणाली घालण्याची मागणी नवी नाही. २००७ साली विंडोज व्हिस्टा आली तेव्हा जुन्या प्रिंटर-स्कॅनरचे ड्रायव्हर तिच्यावर चालेनात. ग्राहकांची ओरड इतकी झाली की डेलसारख्या कंपनीने त्याच वर्षी नव्या संगणकांवर पुन्हा एक्सपी देऊ केली. २०१२ साली विंडोज ८ मधून स्टार्टचे बटन गेले आणि लोक विंडोज ७ कडे परतले. त्या काळी मागे जाणे सोपे होते, कारण यंत्र जवळपास तेच असे. आता यंत्रच बदलले आहे.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. आपण समजतो की अडचण अकरा आणि दहा या आकड्यांत आहे. बहुतेक वेळा ती तिथे नसते. ती ३२ बिट आणि ६४ बिट यांच्यात असते. विंडोज ११ फक्त ६४ बिटची निघाली. ६४ बिट विंडोजवर ३२ बिटचे प्रोग्राम चालतात, पण ३२ बिटचे ड्रायव्हर चालत नाहीत, आणि डॉसच्या काळातले १६ बिटचे प्रोग्राम तर मुळीच चालत नाहीत. ड्रायव्हर म्हणजे प्रणाली आणि यंत्र यांच्यामधला दुभाषा. प्रोग्राम उघडतो पण प्लॉटर हलत नाही, किंवा "डोंगल सापडत नाही" असा संदेश येतो, तेव्हा अडलेला असतो तो हा दुभाषा. शिवाय ६४ बिट विंडोज सही नसलेला ड्रायव्हर स्वीकारत नाही, आणि हा नियम अकरापासूनचा नाही, व्हिस्टाच्या ६४ बिट आवृत्तीपासूनचा आहे. म्हणून अकरा काढून ६४ बिटची दहा घातली तरी अडचण बहुधा होती तशीच राहते. हे न सांगता पैसे घेणारे बरेच आहेत.

मग ३२ बिटची विंडोज १० किंवा ७ घालावी का? ती निघाली होती, आणि तिच्यात डॉसचे प्रोग्राम चालविण्याची सोयही होती. पण नवे संगणक सुरू होतात ते यूईएफआय या पद्धतीने, आणि ६४ बिटच्या यूईएफआयमधून ३२ बिटची विंडोज सुरूच होत नाही. त्यासाठी यंत्राच्या सेटिंगमध्ये जुन्या बायोसची सोय असावी लागते. इंटेलने ही सोय २०२० पर्यंत काढून टाकण्याचे धोरण जाहीर केले होते, आणि त्यानंतरच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ती दिसत नाही. जिथे आहे तिथेही ३२ बिटची विंडोज ४ जीबीच्या पुढची मेमरी वापरू शकत नाही. १६ जीबीचे पैसे मोजून ४ जीबीवर काम करायचे!

विंडोज ७ ची गत आणखी वाईट. तिच्या मूळ डिस्कमध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर नाही. २०१५ नंतरच्या इंटेल यंत्रांवर ती घालायला बसलो की पहिल्याच पडद्यावर माऊस आणि कीबोर्ड बंद पडतात. एनव्हीएमई डिस्क तिला ओळखता येत नाही. इंटेलच्या सातव्या पिढीपासून मायक्रोसॉफ्टने तिला आधार दिला नाही, आणि २०१७ पासून अशा यंत्रांवर तिचे अपडेटही अडविले. एक्सपी तर सध्याच्या डिस्कवर निळा पडदा दाखवून थांबते. जाणकार माणूस यातून वाट काढतो, पण पुढे ग्राफिक्स, वायफाय आणि आवाज यांचे ड्रायव्हर कंपनीने बनविलेलेच नसतात. ते आणणार कुठून?

परवान्याचा प्रश्न वेगळा आहे. संगणकाबरोबर आलेल्या विंडोजच्या दोन जाती असतात, होम आणि प्रो. होमच्या परवान्यात जुन्या आवृत्तीवर जाण्याचा हक्क नाही. प्रो घेणाऱ्याला मागच्या प्रो आवृत्तीवर जाता येते, पण तेही मोकळेपणाने नाही. विंडोज १० प्रोच्या करारात ७ आणि ८.१ वर जाण्याची मुभा होती, आणि मायक्रोसॉफ्ट त्या आवृत्तीला आधार देत असेल तोवरच, अशी अटही तिथेच लिहिलेली होती. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, ८.१ चा जानेवारी २०२३ मध्ये. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यानंतर घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आणि व्यवसायांसाठी पैसे भरून ऑक्टोबर २०२८ पर्यंत सुरक्षा अपडेट देण्याचे कंपनीने जाहीर केले. आपल्या यंत्राचा करार वाचायचा असेल तर स्टार्टमध्ये 'विनव्हर' असे इंग्रजीत टाइप करावे. उघडणाऱ्या छोट्या चौकटीत कराराची लिंक असते. दुरुस्तीवाला 'अ‍ॅक्टिव्हेटर' चालवून विंडोज चालू करून देतो, तिला परवाना म्हणत नाहीत. असे चोरीचे अ‍ॅक्टिव्हेटर स्वतःबरोबर काय घेऊन येतात हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते, आणि त्याच संगणकावर आपण जीएसटीचा पासवर्ड आणि बँकेचे खाते उघडतो.

आधार संपणे म्हणजे विंडोज बंद पडणे नव्हे. ती चालत राहते, फक्त तिच्यात सापडणारी नवी छिद्रे कुणी बुजवीत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या विषाणूने जगभर लाखो संगणकांवरील फाइली कुलूपबंद केल्या आणि सोडविण्यासाठी ३०० डॉलर मागितले. ज्या छिद्रातून तो शिरला ते बुजविणारे अपडेट दोन महिने आधीच निघाले होते. ज्यांनी ते घातले नव्हते त्यांची यंत्रे गेली. ब्राउझरही एकेक करून जुन्या प्रणाली सोडतात. क्रोमने एक्सपी २०१६ साली सोडली, आणि विंडोज ७ फेब्रुवारी २०२३ मध्ये. ब्राउझर जुना राहिला की सरकारी आणि बँकेची संकेतस्थळे हळूहळू अडू लागतात.

तेव्हा विंडोज बदलण्याआधी खरा दोषी कोण ते शोधावे. एक उदाहरण देतो, कारण ते प्लॉटरवाल्यांकडे फार दिसते. जुना प्लॉटर सिरियल पोर्टचा असतो, म्हणून यूएसबीची कन्व्हर्टर केबल लावतात. अशा कित्येक केबलींत प्रोलिफिक कंपनीची पीएल २३०३ ही चिप, बरेचदा तिची नक्कल, असते. कंपनीच्या नव्या ड्रायव्हरने जुन्या आणि नकली चिपांना नकार द्यायला सुरुवात केली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या केबलीपुढे "ही चिप २०१२ पासून बंद" अशा अर्थाचा इंग्रजी संदेश दिसतो. इथे विंडोज बदलण्याचे काहीच कारण नाही. एफटीडीआय किंवा सीएच ३४० चिपची केबल काही शे रुपयांत मिळते आणि प्लॉटर चालू लागतो. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा ड्रायव्हर मिळत नसेल तर विंडोजमध्येच 'जेनेरिक टेक्स्ट ओन्ली' नावाचा ड्रायव्हर असतो. साध्या बिलाला तो पुरतो. प्रोग्राम नुसता उघडत नसेल तर त्याच्या चिन्हावर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमधील कंपॅटिबिलिटीत जुनी विंडोज निवडून पाहावी. डॉसमधला जुना हिशेब बघायचा असेल तर डॉसबॉक्स हा मोफत प्रोग्राम आहे. टॅलीसाठी तर मागे जाण्याचे कारणच नाही; टॅलीप्राइम विंडोज ११ वर चालते.

यातून भागले नाही तर नव्या विंडोजच्या आत जुनी विंडोज चालविता येते. व्हर्च्युअलबॉक्स मोफत आहे, आणि प्रो आवृत्तीत हायपर-व्ही आधीच असते. ३२ बिटची एक्सपी किंवा ७ तिच्यात नीट चालते, कारण तिला खरे यंत्र दिसतच नाही. व्हर्च्युअलबॉक्समधून यूएसबीचे डोंगल आणि केबल आत जोडता येते. पॅरलल पोर्टचे डोंगल मात्र आत पोचविणे जिकिरीचे असते. आतल्या विंडोजलाही वेगळा परवाना लागतो, आणि जुन्या संगणकाबरोबर आलेला परवाना सहसा त्या यंत्रालाच बांधलेला असतो.

माझे मत विचाराल तर जुन्या मशीनला जुना संगणकच बरा. एम्ब्रॉयडरीच्या मशीनला डीएसटी फाइल लागते. ती कोणत्या विंडोजवर बनली हे मशीन विचारीत नाही. जुना संगणक फक्त मशीनसाठी ठेवावा, त्याची इंटरनेटची वायर काढून टाकावी, आणि बिल, जीएसटी, बँक, व्हॉट्सअ‍ॅप नव्यावर करावे. जुन्याची हार्ड डिस्क चालू आहे तोवरच तिची हुबेहूब क्लोन प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावी, आणि जमल्यास एक एसएमपीएसही कपाटात असू द्यावा. हा खर्च नव्या यंत्राशी झुंजण्यापेक्षा कमीच पडतो.

तरीही प्रो परवाना आहे, करारात मुभा आहे आणि कंपनीने आपल्या मॉडेलसाठी विंडोज १० चे ड्रायव्हर दिले आहेत, असे तिन्ही जमत असेल तर बदल करायला हरकत नाही. त्याआधी ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर मूळ विंडोजची रिकव्हरी ड्राइव्ह बनवून घ्यावी. डिस्क पुसली की कंपनीने दिलेला रिकव्हरीचा भागही जातो. विंडोजची किल्ली हल्ली स्टिकरवर नसते, ती मदरबोर्डमध्ये असते, त्यामुळे अकरावर परतताना ती आपोआप वाचली जाते. नव्या लॅपटॉपची डिस्क बरेचदा आपणहून बिटलॉकरने बंद केलेली असते; बायोसला हात लावण्याआधी तिची ४८ आकडी किल्ली मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून घ्यावी. वायफाय आणि लॅनचे ड्रायव्हर आधीच दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्यावेत, कारण नवी प्रणाली उठल्यावर इंटरनेट नसेल तर ते उतरविणार कसे? इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या लॅपटॉपवर "डिस्क सापडली नाही" असा संदेश आला तर डिस्क बिघडली असे समजू नये. व्हीएमडी नावाच्या सोयीचा ड्रायव्हर तिथेच लोड करावा लागतो. वॉरंटीत दुरुस्तीला नेताना सर्व्हिस सेंटर मूळ विंडोज परत घालून आणायला सांगू शकते, म्हणून ती रिकव्हरी ड्राइव्ह खरेदीच्या बिलाबरोबरच ठेवावी.

ज्यांना संगणक अजून घ्यायचा आहे त्यांनी दुकानदाराला पैसे देण्यापूर्वी आपले डोंगल, केबल आणि प्रोग्रामची सीडी घेऊन जावे आणि त्याच मॉडेलवर लावून पाहावे. पॅरलल पोर्ट हवा असेल तर लॅपटॉप नको, डेस्कटॉप घ्यावा. त्यात पीसीआय एक्सप्रेसचे पोर्ट कार्ड बसते. स्वस्त म्हणून 'डॉस' लिहिलेला लॅपटॉप घेणाऱ्यांनी हे जाणून असावे की त्यात विंडोजचा परवाना नसतो आणि तो वेगळा विकत घ्यावा लागतो.