बजबजच्या टाक्या आणि चोवीस व्होल्टचा दिवा

हुगळीकाठचे बजबज आपल्याला १९१४ च्या कोमागाटा मारू प्रकरणामुळे ठाऊक असते. परंतु खनिज तेलाच्या ज्या कोठारांसाठी ते एकोणिसाव्या शतकापासून विख्यात आहे, त्यांसारख्या ठिकाणी कायद्याने माणसाच्या प्राणाची जी तजवीज केली, ती मला अधिक मननीय वाटते. ज्या तपमानाला द्रवाची वाफ पेट घेऊ शकते ते २३ अंशांखाली असेल, तर पेट्रोलियमच्या नियमांनी असा द्रव 'अ' वर्गात, म्हणजे सर्वांत धोक्याचा, मानला आहे. टोल्यूइनसारख्या द्रावकाचे ते तपमान अवघे ४ अंश, म्हणजे बंगालच्या थंडीतही त्याची वाफ निर्धोक नाही. ही वाफ हवेहून जड असल्याने टाकीच्या तळाशी साचते, आणि म्हणूनच १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३६ व्या कलमाने, जाणकाराने स्वतः हवा तपासून लेखी दाखला दिल्याखेरीज, अथवा श्वसनयंत्र लावून व कमरेच्या पट्ट्याचा दोर बाहेरच्या माणसाच्या हाती देऊन उतरल्याखेरीज, आत जाण्यास मनाई केली. पुरेशी सुरक्षा-साधने नसतील तर आतला हातदिवाही चोवीस व्होल्टांहून अधिक नसावा, असा दंडक पुढच्याच कलमात होता. टाकीत उतरणाऱ्या कामगार बंधूंनो, दाखला पाहिल्यावाचून पायरीवर पाऊल ठेवू नका.