स्टिअरिंगचा वारसा आणि उचलीचा बोजा

नगर-मनमाड रस्त्यावरील राहुरीच्या परिसरात मालमोटार हा कित्येक घरांचा पिढीजात व्यवसाय आहे. शेतजमिनीच्या वाटण्यांची चर्चा आपण पुष्कळ करतो. परंतु बापाकडून मुलाकडे गेलेल्या स्टिअरिंगचा हिशेब अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत सहसा आढळत नाही.

या व्यवसायाची वाढ साखरेबरोबर झाली, असे म्हणावयास हरकत नाही. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेचा सहकारी कारखाना गाळप करू लागला आणि १९५४ मध्ये जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज-बेंझच्या मालमोटारी तयार होऊ लागल्या. पुढे नाक असलेल्या त्या गाड्यांवरील तीन टोकांचा तारा १९६९ मध्ये करार संपताच गेला. गाडी पुष्कळदा नुसत्या चॅसीच्या रूपात विकली जाई. केबिन आणि हौदा सुतार-लोहारांनी बांधावयाचा. मुलगा आधी क्लीनर होई, टायरवर टॉमी ठोकून आवाजावरून हवा ओळखे आणि घाटात गिअर केव्हा उतरवावयाचा हे बापाशेजारी बसून शिके. या विद्येला पदवी नव्हती. पुढे परवान्यासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट आली. २०१९ मध्ये तीही गेली.

चालकाचा मालक झाला म्हणजे घर सुधारले, असा समज आहे. वस्तुतः येथेच खरी गुंतागुंत सुरू होते. ऊस वाहतुकीचा करार करणारा गाडीमालक बँकेच्या कर्जावर सही करतो, ती रक्कम उचल म्हणून मुकादमाला देतो आणि मुकादम तोडणीची टोळी आणतो. टोळी आली नाही किंवा अर्ध्या हंगामात निघून गेली, तर कर्ज वाहतूकदाराच्या अंगावर राहते. कारखान्याची मजूर मिळविण्याची जोखीम अशा रीतीने एका गाडीच्या मालकावर ढकलली जाते. गाळप चार-पाच महिन्यांचे. हप्ते मात्र बारमाही!

कायद्याचे संरक्षण? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली. पण २०२५ पर्यंत अमलात असलेला तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांनाच लागू होता. आपलीच गाडी आपणच हाकणारा मनुष्य त्याच्या कक्षेत येतच नव्हता. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले, हे स्वागतार्ह. जुन्या गाडीवर राबणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

चालक मिळत नाहीत, अशी ओरड वाहतूक व्यवसायात ऐकू येते. आमच्या वर्गात बसणारी चालकांची मुले या धंद्यात जाऊ इच्छित नाहीत, आणि त्यांचे वडीलही आग्रह धरीत नाहीत. यात तरुणांचा आळस पाहणे अन्यायाचे होईल. त्यांनी घरचा जमाखर्च लहानपणापासून पाहिला आहे. टोळी न आल्यास बुडणाऱ्या उचलीचा निम्मा भार तरी कारखान्याने उचलावा, असे कलम वाहतूक करारात घालणे अशक्य नाही. सहकारी कारखान्यांच्या वार्षिक सभांत हा विषय ठरावाच्या रूपाने यावयास हवा.