रांगेतल्या जागेची किंमत

मागच्या वेळी आपण किंमत आणि मूल्य यांतल्या फरकापाशी थांबलो होतो. आज तोच धागा पुढे नेऊ, फक्त उदाहरण इंटरनेटचं घेऊ. तुम्ही म्हणाल, तत्त्वज्ञानाच्या माणसाचं इथे काय काम? आहे, थोडं आहे.

लॉकडाउनमध्ये मी घरून ऑनलाइन व्याख्यान देत होतो आणि पलीकडच्या खोलीत नातू सिनेमा बघत होता. श्रोते म्हणायला लागले, "सर, आवाज तुटतोय." सिनेमा मात्र झकास चाललेला! असं का होतं? इंटरनेटवरून जे जातं ते छोट्या छोट्या पॅकेटांत विभागून जातं. वाटेत राउटर असतात. पॅकेटं फार झाली की तिथे रांग लागते, आणि रांग हाताबाहेर गेली की काही पॅकेटं सरळ टाकून दिली जातात. सिनेमाचा पुढचा भाग आधीच भरून ठेवलेला असतो, म्हणून त्याला दोन-चार सेकंदांचा उशीर चालतो. ईमेलला तर मिनिटभरही चालतो. संभाषणाला चालत नाही. आवाज पोचायला 150 मिलिसेकंदांहून बराच जास्त वेळ लागला, की माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात.

मग ज्याला घाई आहे त्याला पुढे का सोडू नये? तशी सोय होती बरं का. 1981 साली इंटरनेटचे जे मूळ नियम लिहिले गेले, त्यांत प्रत्येक पॅकेटच्या माथ्यावर 'हे किती तातडीचं' एवढं सांगायला जागा ठेवलेली आहे. पण कचेरीत 'तातडीचे' हा शिक्का टेबलावर मोकळा ठेवला तर काय होईल? प्रत्येक फाइलवर उमटेल. म्हणून अर्थशास्त्रज्ञ म्हणाले, शिक्क्याला पैसे लावा.

1990 च्या दशकात जेफ्री मॅकी-मेसन आणि हाल व्हेरियन यांनी सुचवलं, की प्रत्येक पॅकेटनं आपली बोली सोबत न्यावी. गर्दी असेल तेव्हा मोठ्या बोलीवाले आधी जातील. पैसे मात्र स्वतःच्या बोलीइतके नाही, जेमतेम हुकलेल्याच्या बोलीइतके द्यायचे. गर्दी नसेल तर काहीच द्यायचं नाही. यातला विचार मला फार आवडतो. तारा एकदा टाकल्या की एक पॅकेट जास्त नेण्याचा खर्च जवळजवळ शून्य. खर्च होतो तो गर्दीतच, आणि तो सोसतो मागे राहिलेला माणूस. म्हणजे आपण किंमत देतो ती दुसऱ्याच्या खोळंब्याची! पण एवढ्या पॅकेटांचा क्षणाक्षणाला लिलाव करायचा कोणी आणि हिशेब ठेवायचा कोणी? ते कागदावरच राहिलं.

1999 मध्ये अँड्र्यू ओडलिझ्को या गणितज्ञानं फार साधी युक्ती मांडली, तीही पॅरिसच्या मेट्रोवरून. तिथे 1991 पर्यंत पहिला वर्ग होता. ओडलिझ्को सांगतात, दोन्ही वर्गांचे डबे सारखे, आसनंही सारखी. पहिल्या वर्गाचं तिकीट तेवढं दुप्पट. त्यामुळे तिथे माणसं कमी, आणि माणसं कमी म्हणून तो डबा चांगला. तिथे गर्दी वाढली की काही जण म्हणायचे, कशाला दुप्पट द्या? ते दुसऱ्या वर्गात जायचे आणि गर्दी आपोआप उतरायची. इंटरनेटवरही असंच करा, म्हणाले: दोन सारख्याच वाहिन्या, एकीचा दर जास्त, हमी कसलीच नाही.

इथे मला आपली मुंबईची लोकल आठवते. तिथे फर्स्ट क्लासला गादी असते, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही. पण सकाळी डोंबिवलीला फर्स्टमध्ये चढणाऱ्याला विचारा, बसायला मिळालं का म्हणून. त्यानं पैसे कशाचे दिले? जागेचे नव्हेत. सेकंडपेक्षा गर्दी थोडी कमी, एवढ्याचे. इथे विकली जाणारी 'गुणवत्ता' वस्तूत नसतेच. ती दोन डब्यांमधल्या फरकात असते.

आणि फरकच विकायचा असेल, तर तो दोन रीतींनी वाढवता येतो. वरचं चांगलं करा, किंवा खालचं वाईट ठेवा. दुसरी रीत स्वस्त पडते. फ्रान्सचे अभियंते ज्यूल द्युप्वी यांनी 1849 मध्येच हे रेल्वेबद्दल लिहून ठेवलंय. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छत नव्हतं. छत काही फार महाग नव्हतं हो! पण ते घातलं असतं, तर दुसऱ्या वर्गाचे पैसे देऊ शकणारे लोक तिसऱ्यानं गेले असते. गरिबाला भिजवण्यात कंपनीला रस नव्हता, पण तो भिजल्याशिवाय वरच्याला भीती वाटत नव्हती.

आपल्याकडे ट्रायनं फेब्रुवारी 2016 मध्ये नियम केला, की कोणता मजकूर बघता यावरून डेटाचा दर बदलता येणार नाही. मला तो योग्य वाटतो. पण त्यातून द्युप्वींचा प्रश्न सुटत नाही. वेगाप्रमाणे दर घेणं चालूच आहे, आणि स्वस्त पॅकवाल्याची रांग खरोखर गर्दीमुळे लांबली की मुद्दाम लांब ठेवली, हे त्याला घरबसल्या कळायला मार्ग नाही. रांग राउटरमध्ये असते, ती डोळ्यांना दिसत नाही. छत नसलेला डबा निदान दिसत तरी होता.

खुद्द ओडलिझ्को यांचा कल शेवटी साध्या, एकाच ठरावीक दराकडे राहिला. लोकांना मीटर नको असतो, हे त्यांनी टपाल, तार, टेलिफोनच्या इतिहासातून दाखवलंय. पुढच्या वेळी तिथून सुरुवात करू.