खारा वारा आणि विजेच्या गाडीचे ब्रेक

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारींसह जाणारी रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली. पुढे १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनचा किनारा मुंबईकरांच्या आणखी जवळ आला. या वाटेने जाणाऱ्या मोटारींत आता विजेवर चालणाऱ्या गाड्याही असतात. इंजिन ऑइल नाही, गिअर बॉक्सची कटकट नाही, त्यामुळे या गाड्यांना देखभाल जवळपास लागत नाही, असा समज आहे. ब्रेकच्या बाबतीत मात्र हा समज किनाऱ्यावर महागात पडू शकतो.

ब्रेकची डिस्क बहुधा बिडाची असते. रात्रभर दमट हवेत उभ्या राहिलेल्या कोणत्याही गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस थर दिसतो. पेट्रोल वा डिझेलच्या गाडीत पहिल्या काही ब्रेकमध्येच पॅड तो थर घासून काढतात. विजेच्या गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय उचलताच मोटर जनित्राचे काम करू लागते. चाकांची गती विजेच्या रूपाने बॅटरीत परत जाते आणि गाडी मंदावते. त्यामुळे पॅड डिस्कला क्वचितच जोराने टेकतात. पॅड अधिक वर्षे टिकतात हा त्याचा फायदा, तर डिस्कवरचा गंज घासला जात नाही हा तोटा.

समुद्राकाठी ही प्रक्रिया वेगाने घडते. खाऱ्या वाऱ्यातले मीठ डिस्कवर बसते. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते आणि खारट पाण्यातून विद्युतप्रवाह सहज वाहत असल्याने लोखंड लवकर गंजते. त्यात पावसाळा आणि शनिवार-रविवारपुरता उघडणाऱ्या बंगल्यात आठवडेच्या आठवडे उभी राहणारी गाडी यांची भर पडली, की वरवरचा थर खोल जाऊन डिस्कवर खळगे पडतात. ब्रेक दाबताना खरखर होते, पॅडल थरथरते. कधी पॅड डिस्कला चिकटून बसतो, तर कधी कॅलिपरच्या सरकत्या पिना आखडतात.

धोका कुठे?

बॅटरी पूर्ण भरलेली असेल, तर तिच्यात आणखी वीज साठवता येत नाही आणि मोटरचा रोध कमी होतो. महाबळेश्वरच्या मुक्कामात गाडी शंभर टक्के चार्ज करून पोलादपूरकडे आंबेनळी घाट उतरू लागणाऱ्या चालकाची भिस्त सुरुवातीला साध्या ब्रेकवरच असते. अचानक समोर गुरे आली, तरी शेवटी उपयोगी पडते ती हीच डिस्क. एरवी न लागणारे ब्रेक नेमके संकटाच्या क्षणी लागतात.

गाडी बनविणाऱ्या कंपन्यांनाही याची जाणीव आहे. फोक्सवॅगनने आयडी-३ या विजेच्या गाडीच्या मागच्या चाकांना बंदिस्त ड्रम ब्रेक दिले, तर टाटांच्या टियागो ईव्हीलाही मागे ड्रमच आहेत. ड्रमच्या आतील भागाला पाणी आणि मीठ तुलनेने कमी लागते.

काय काळजी घ्याल?

आठवड्यातून एकदा मोकळ्या, सरळ रस्त्यावर, मागे वाहन नसल्याची खात्री करून, मध्यम वेगातून चार-पाच वेळा जोरकस ब्रेक लावावेत. त्याआधी मोटरचा रोध सर्वांत कमी पातळीवर ठेवावा. ब्रेक पॅडल दाबल्यावरही काही गाड्या आधी मोटरच वापरतात, तर काहींत डिस्क साफ करण्याची खास सोय असते. म्हणून गाडीसोबतची पुस्तिका वाचणे उत्तम.

किनाऱ्यावरून परतल्यावर चाके गोड्या पाण्याने धुवावीत. मात्र धुऊन तशीच गाडी उभी करू नये. थोडे अंतर चालवून, ब्रेक लावून डिस्क कोरडी करावी. वाळूवर गाडी नेण्याचा मोह टाळलेलाच बरा. गंज लागू नये म्हणून डिस्कवर तेल वा ग्रीस मात्र चुकूनही लावू नये, कारण त्याने ब्रेक लागेनासे होतात.

पावसाळा संपल्यावर गॅरेजमध्ये चाके काढून कॅलिपरच्या पिना साफ करून घ्याव्यात आणि डिस्कची जाडी मोजून घ्यावी. किमान जाडीचा आकडा बहुधा डिस्कवरच कोरलेला असतो. जाडी त्याखाली गेली असेल किंवा खळगे खोल असतील, तर डिस्क बदलणेच हिताचे. ब्रेक ऑइलही हवेतला ओलावा शोषते, तेव्हा ते कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदलावे.

विजेच्या गाडीचे ब्रेक झिजून कमी आणि पडून राहून जास्त खराब होतात, एवढे किनाऱ्यावर गाडी ठेवणाऱ्याने ध्यानात ठेवले तरी पुरे.